वाऱ्याचा कौल

शिकागोची रेड लाइन लोकल ॲडिसन स्थानकात थांबते, डबे रिकामे होतात आणि सगळी गर्दी रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानाकडे वळते. आत शिरलेला मुरलेला प्रेक्षक खेळाडूंकडे नंतर पाहतो. आधी त्याची नजर जाते ध्वजांकडे. आज वारा कुठला?

मिशिगन सरोवर इथून जवळच. तिकडचा वारा मैदानात घुसला, की कडकडीत फटकाही हवेत दमतो आणि अलगद क्षेत्ररक्षकाच्या हाती येतो. वारा उलटा फिरला, की साधा उंच उडालेला चेंडूही भिंतीपलीकडे पोचतो, म्हणजे होमरन होतो. १७ मे १९७९ रोजी वारा असाच बाहेर वाहत होता. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने यजमान शिकागो कब्जना २३-२२ असं हरवलं. होमरन ११ झाले आणि निकालासाठी दहावी इनिंग खेळावी लागली.

वाऱ्यासारखी वेलही इथे खेळात असते. मैदानाच्या टोकाची विटांची भिंत १९३७ मध्ये लावलेल्या आयव्हीने झाकलेली आहे. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या दिसतात. उन्हाळा येताच भिंत हिरवीगार होते. चेंडू पानांत अडकला, तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. वर उभा असलेला धावफलकही १९३७ चाच. आपल्याकडच्या क्लब क्रिकेटमध्ये लावतात तशा आकड्यांच्या पाट्या फलकाच्या पोटात बसलेली माणसं आजही हाताने बदलतात.

मैदान १९१४ चं असलं तरी दिवे लागले थेट ८ ऑगस्ट १९८८ ला. खरं तर दिव्यांचं साहित्य १९४१ मध्येच जमवलं होतं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मालक फिलिप रिग्ली यांनी ते युद्धकार्यासाठी देऊन टाकलं. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी इथे बेसबॉल पाहिला तो उन्हातच. ती पहिली रात्रही पावसाने धुऊन नेली. पहिला पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी झाला.

भिंतीमागच्या ब्लीचर्समध्ये, बिनपाठीच्या बाकांवर, उन्हाला खरी रंगत. होमरनचा चेंडू झेलणाऱ्याने घरी न्यावा, असा बेसबॉलचा रिवाज. पण फटका पाहुण्या संघाचा असेल, तर ब्लीचर्स एका आवाजात ओरडतात आणि हाती आलेला चेंडू परत मैदानात भिरकावला जातो.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सारं मैदान उभं राहून एक ठरलेलं गाणं गातं. समालोचक हॅरी केरी यांनी १९८२ पासून इथे ही प्रथा रुजवली. ते गाणं १९०८ चं आणि कब्जचं त्या काळातलं शेवटचं विजेतेपदही १९०८ चंच. पुढचं यायला १०८ वर्षं लागली.

२ नोव्हेंबर २०१६ रोजी ते आलं. अंतिम सामना होता दूर क्लीव्हलँडला, पण शिकागोकर धावले ते रिग्लीकडे. नंतरच्या दिवसांत मैदानाच्या बाहेरच्या विटा रंगीत खडूने लिहिलेल्या नावांनी भरून गेल्या. हा दिवस पाहायला उरले नव्हते, त्या वडिलांची, आज्यांची, मित्रांची ती नावं.

बेसबॉलचा एकही नियम ठाऊक नसला तरी चालेल. शिकागोला गेलात तर रिग्लीवर एक सामना जरूर पाहा. तिकीट मात्र दुपारच्या खेळाचं आणि ब्लीचर्सचंच काढा.