दुबईचा परवाना
नायगावच्या बीडीडी चाळींतून आम्ही तिघे माजी विद्यार्थी दुबईस गेलो, तेव्हा प्रत्येकाच्या गाठीशी मुंबईत ट्रक चालविल्याची दहा-बारा वर्षे होती. मात्र भारतीय परवाना तेथे थेट बदलून मिळत नसे. शिकाऊ होऊनच परीक्षेस बसणे आले. वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. खोदादाद सर्कलला आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळतो; तेथे नेमके उलट, शिवाय डावीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावयाची. सर्वांत कठीण गेले ते मान वळवून खांद्यामागे पाहणे. नुसत्या आरशावर परीक्षकाचा विश्वास नसे! प्रत्येक फेरपरीक्षेचे शुल्क म्हणजे घरी न गेलेले पैसे. म्हणून वसतिगृहातल्याप्रमाणेच आम्ही रात्री एकमेकांचे पाठ घेत असू. जेवणाचे ताट म्हणजे सर्कल आणि काड्यापेट्या म्हणजे मोटारी.