कांजीचा पहिला घोट

होळीच्या दिवशी नव्या सुनेच्या हातात झणझणीत पेला द्यायचा आणि तिची फजिती पाहत हसायचं, असा प्रकार अनेक घरांत चालतो. पण ही गंमत नेमकी कुणाची होते?

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचं छोटं गाव आहे. हिरण्यकश्यपूची राजधानी हीच, प्रल्हादाला जवळच्याच टेकडीवरून नदीत ढकललं आणि होलिकाही इथंच जळाली, असं तिथले लोक मानतात. होळीचा सण आपल्याच गावातून सुरू झाला, याचा त्यांना अभिमान आहे.

रत्नागिरीची एक मुलगी लग्न होऊन झाशीतल्या मराठी घरात आली. पहिल्याच होळीला नवऱ्याबरोबर ती एरचला, त्याच्या मित्राच्या घरी गेली. तिथं उत्तर भारतातल्या अनेक घरांप्रमाणे कांजीची बरणी तयार होती. काळ्या गाजरांचे तुकडे, राईची पूड, मीठ, लाल तिखट आणि पाणी एवढंच तिचं साहित्य. बरणीच्या तोंडाला कापड बांधून ती चारपाच दिवस उन्हात ठेवायची. मग पाणी आंबतं आणि गाजराचा गडद जांभळा रंग त्यात उतरतो.

पेला तिच्या हातात आला आणि दीरनणंदांनी कालवा सुरू केला, ‘‘भाभी, एका दमात! थांबायचं नाही!’’ तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तोही हसत होता. तिनं डोळे मिटून मोठा घोट घेतला. आंबट, खारट, मग नाकात चढणारी राई आणि शेवटी घशात मिरचीची आग. तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तसा हशा आणखी वाढला.

तेवढ्यात मित्राच्या आईनं, चाचीनं, तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि वाटीत दही दिलं. ‘‘बहू, ही एका दमात प्यायची वस्तू नाही. नको वाटलं तर राहू दे,’’ त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही पहिल्यांदा प्यायलात, तेव्हा कोण हसलं होतं?’’

दही देण्यात शहाणपण होतं. तिखट ही खरं तर चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. म्हणून मेंदूला भाजल्यासारखं वाटतं. ही यंत्रणा शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही. दूधदही मात्र उपयोगी पडतं.

मग माणसाला ही आग आवडू कशी लागते? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात याचा अभ्यास केला. १९८० साली तो प्रसिद्ध झाला. तिथं लहान मुलांना कुणी बळजबरीनं मिरची खाऊ घालत नव्हतं. मोठी माणसं रोज चवीनं खाताना दिसत आणि मुलं हळूहळू आपणहून हात पुढे करत. याउलट त्याच घरांतल्या डुकरांच्या आणि कुत्र्यांच्या पोटात उरलेलं तिखट अन्न रोज जात असूनही त्यांना त्याची गोडी लागली नव्हती.

अमेरिकेत काही ठिकाणी काळ्या बियरमध्येही वाळलेल्या मिरच्या घालतात. भाजलेल्या धान्याच्या कडवटगोड चवीमागून तिखट येतं. तीही लोक चाखत चाखत, आपल्या मर्जीनं पितात. आपल्याकडे तर मिरचीच मुळी १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तिला आपलंसं करायला आपल्या पूर्वजांनाही वेळ लागलाच असेल.

एरचच्या त्या घरात तिसऱ्या दिवशी सुनेनं स्वतःच अर्धी वाटी कांजी मागून घेतली. या वेळी तिनं ती भज्यांबरोबर, थोडी थोडी घेतली. पुढच्या वर्षी ती माहेरचा नारळ आणि आमसुलं घेऊन गेली आणि तिनं सोलकढी केली. चाचींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला खाली ठेवला. कुणी हसलं नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा दोन घोट घेतले.

एरचच्या लोककथेतला प्रल्हादही बापाच्या बळजबरीपुढे नमला नव्हता. ती कथा दर वर्षी सांगणाऱ्या घरांनी नव्या माणसावर निदान चवीची तरी सक्ती करू नये. सून येते ती स्वतःच्या जिभेची सवय घेऊनच. तिच्यापुढे आपला पेला जरूर ठेवा, पण किती प्यायचं आणि कधी, हे तिला ठरवू द्या. आणि पतिराजांनी हसणाऱ्यांत सामील होण्याआधी दह्याची वाटी आणून ठेवली, तर सण दोघांचाही होईल.