कॅमेऱ्यातली धूळ आणि अज्जीची वही

बेळगावची तांबडी धूळ कुठे पोहोचत नाही? फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी पुसलेले टेबल दुपारी पुन्हा लालसर दिसते. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटातही धूळ शिरते आणि फोटोतल्या कोऱ्या जागेत करडा ठिपका होऊन बसते. हौशी छायाचित्रकारांत यावर एक ठाम मत ऐकू येते : कॅमेरा चालू असताना सेन्सरवर विद्युतभार असतो, तो धूळ ओढतो; म्हणून लेन्स बदलण्यापूर्वी कॅमेरा बंद करावा.

या मताचे मूळ कुठे असावे, हे आमच्या पिढीला सहज कळेल. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहत आणि काचेवर धुळीचा थर साचे. त्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये २० हजार व्होल्ट वा त्याहून अधिक दाब असे. कॅमेऱ्याची बॅटरी मात्र ७-८ व्होल्टची. शिवाय प्रकाशामुळे सेन्सरमध्ये तयार होणारा भार अगदी सूक्ष्म आणि आतल्या आत राहणारा. धूळ बसते ती सेन्सरवर नव्हे, त्याच्यापुढच्या काचेच्या फिल्टरवर. टीव्हीचा न्याय इथे लागू पडत नाही.

मग स्थिर विद्युतभार अगदीच निर्दोष का? तसेही नाही. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. काचेवरही घर्षणाने भार येतो, कोरड्या हवेत तो रेंगाळतो आणि जवळचे कण ओढतो. म्हणूनच २००६ च्या कॅनन ईओएस ४००डीमध्ये फिल्टरवर स्थिर विद्युतभार रोखणारी प्रक्रिया केलेली होती. काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय ऑलिंपसने २००३ मध्येच ई-१ या कॅमेऱ्यात दिली होती. पण बारीक कण एकदा काचेला टेकला की भार नसतानाही चिकटून राहतो. रेणूंमधले आकर्षण आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातला दमटपणा त्याला पुरतो.

कॅमेरा बंद करण्याची सवय मात्र चांगलीच. २०१८ मध्ये आलेल्या कॅनन ईओएस आरमध्ये तो बंद केला की शटरचा पडदा सेन्सरपुढे येतो. तिथे रक्षण होते ते पडद्यामुळे.

ही चर्चा माझ्यासाठी नुसत्या हौसेची राहिली नाही, ती आमच्या अज्जीच्या वहीमुळे. लग्नानंतर ती मराठी शिकली. वहीत घरखर्चाचा हिशोब मराठीत आणि पदार्थांच्या कृती कन्नडमध्ये. आता पान उलटले की कड तुटते. म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढून तो सगळ्या नातवंडांना द्यायचे ठरले.

कन्नड पानांची मला फारशी चिंता नव्हती. कन्नडमधले सोन्ने म्हणजे अक्षराशेजारचे ठसठशीत वर्तुळ. धुळीच्या कणाला ते सोंग जमणार नाही. मराठीतला अनुस्वार मात्र नुसता टिंब. फिकट शाईच्या ओळीवर ठिपका नेमका जागेवर पडला, तर घर बांधताना घेतलेल्या खडीची खंडी होते. पुढे मूळ वही उरली नाही, की अज्जीने दगड घेतले होते की धान्य, हे सांगायला कोण असणार?

उपाय साधा आहे. लेन्सचे छिद्र एफ-१६ पर्यंत लहान करून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा जरा धूसर फोटो काढावा. ठिपके लगेच दिसतात. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार काचेवर बसतात. तरीही एखादा कण राहिलाच, तर तो प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. म्हणून कोऱ्या कागदाचा फोटोही वहीच्या फोटोंसोबत ठेवावा. आम्ही तो सर्वांत पहिला ठेवला आहे. उद्या एखाद्या पणतवंडाला शंका आली, तर कोणता टिंब अज्जीचा आणि कोणता धुळीचा, हे त्यावरून त्याचे त्याला ताडून पाहता येईल.