साडेपाच किलोचा चाप

शहापूर-मुरबाड पट्ट्यात सेकंड होम घेणाऱ्यांचे टप्पे ठरलेले असतात. पहिल्या वर्षी गेटवर ‘अमुकतमुक फार्म’ची पाटी लागते. दुसऱ्या वर्षी आंब्याची कलमं. तिसऱ्या वर्षी गवत कोण कापणार, यावरून नवरा-बायकोची भांडणं. आणि मग कधीतरी आसपासच्या वाडीतली मोटर नाहीतर केबल चोरीला जाते आणि रविवारच्या गप्पांत तो विषय निघतोच : ‘एखादं रिव्हॉल्व्हर ठेवावं का?’

आमच्याकडे हा विषय गप्पांवरून थेट कागदावर आला. बाबा रिटायर झाले आणि आई-बाबा किन्हवलीच्या पुढे, सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला कायमचे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात दोन वाड्या सोडून पलीकडे रात्री चोर शिरले, राखणदाराला मारहाण झाली. दुसऱ्याच आठवड्यात बाबांचा फोन : ‘मी लायसन्सचा अर्ज करतोय.’ हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांचा, त्यामुळे परवाना ठाण्याचे जिल्हाधिकारी देतात. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार अर्जाआधी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं ट्रेनिंगही लागतं. बाबांनी सगळी माहिती काढून ठेवली होती. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस, फाइल तयारच!

मी मात्र एकाच गोष्टीवर अडले. बाबा ६८ वर्षांचे, उजव्या हाताच्या बोटांना संधिवात. आणि दर शनिवारी त्याच घरात माझा सहा वर्षांचा मुलगा उड्या मारत असतो. त्याच्यासाठी ट्रिगर जड हवा, बाबांच्या बोटासाठी हलका. मग किती?

ट्रिगरचं वजन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही सिनेमापलीकडे काही माहीत नव्हतं. आपण ‘घोडा ओढला’ म्हणतो, पण बोटाने ओढतात तो चाप. घोडा मागे असतो, काडतुसावर आदळणारा. चाप मागे येऊन घोडा सुटेपर्यंत बोटाला जेवढा जोर लावावा लागतो, ते ट्रिगरचं वजन. मोजायचं कसं? शाळेत फिजिक्सला ताणकाटा होता ना, तसाच काटा रिकाम्या बंदुकीच्या चापाला अडकवायचा आणि ओढायचा. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सरांनी ते करून दाखवलं. (सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजून-मापून.) आधी चेंबर उघडून रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं, मग काटा लावला. साडेपाच किलो! वाडा कोलमची पाच किलोची पिशवी एका बोटावर उचलून बघा, म्हणजे अंदाज येईल.

मग त्यांनी अंगठ्याने घोडा मागे खेचून ठेवला आणि पुन्हा काटा लावला. दीड किलोच्या आसपास. बंदूक तीच! रिव्हॉल्व्हरला हे दोन मूड असतात. नुसता चाप ओढला, तर घोडा मागे नेण्याचं कामही बोटच करतं, म्हणून जड. घोडा आधीच ताणून ठेवला, तर बोटाला फक्त तो सोडायचा असतो.

बाबांचा चेहरा उजळला. ‘मग असंच वापरायचं की!’

इथेच खरी गोम आहे. विचार करा : रात्रीचे दोन, लाइट गेलेले, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात घोडा ताणलेलं रिव्हॉल्व्हर. आता मांजराने पत्र्यावर उडी मारली. माणूस दचकला की मूठ आपोआप आवळते. तोल गेला तरी आवळते. एका हाताने काही घट्ट पकडलं तर दुसऱ्या हाताची बोटंही थोडी मिटतात. अशा वेळी दीड किलो म्हणजे काहीच नाही. साडेपाच किलोसुद्धा खात्रीचं नाही, म्हणून तर ‘बोट चापाच्या कडीबाहेर’ हा पहिला नियम. पण निदान जड चापाला एक लांबलचक ओढ असते, आणि तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो.

आणि आमच्याकडे रात्री बाहेर कोण असतं? जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन ओढ्याला आणि शेतात उतरतो, वलगणीचे मासे आणि चिंबोऱ्या पकडायला. कुंपणाजवळ चार बॅटऱ्या हलताना दिसतात, कुजबुज ऐकू येते. शहरातून आलेल्या माणसाला ते चोरच वाटणार! त्यातला एक तर आमच्याकडे कलमांना खत घालायला येतो. कायद्यातही स्वसंरक्षणाला मर्यादा आहे : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. कैऱ्या चोरणाऱ्या पोरावर बंदूक रोखणं या व्याख्येत कुठेच बसत नाही, हे मी बाबांना दोनदा सांगितलं. (दुसऱ्यांदा ते चिडले.)

मग जितका जड तितका बरा, असं म्हणून सुटता येतं का? नाही ना! न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अपघाताने गोळी सुटू नये म्हणून मुद्दाम १२ पाउंडांचा, म्हणजे आपल्या साडेपाच किलोंचाच ट्रिगर ठेवला. ऑगस्ट २०१२मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्यावरची नऊ माणसंही जखमी झाली. जड ट्रिगरने नेम हलतो, ही टीका तेव्हा जोरात झाली. २०२१पासून नव्या भरतीला हलका ट्रिगर मिळू लागला. गणित सोपं आहे. रिव्हॉल्व्हर स्वतः पाऊण किलोच्या आसपास आणि बोट त्याच्या सात-आठ पट जोर लावतंय. नळी हलणारच.

म्हणूनच ‘हलकी बंदूक’ या जाहिरातीला भुलू नका. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने ‘निर्भीक’ काढलं, खास महिलांसाठी म्हणून. वजन जेमतेम ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावतं वगैरे ठीक. पण बंदूक जितकी हलकी, तितका तोच ट्रिगर तिला जास्त हलवतो. पर्समध्ये काय मावतं यापेक्षा बोटाला काय झेपतं, हे आधी बघायला हवं ना? २०२३मध्ये आलेल्या ‘प्रबल’च्या वेळी निदान ट्रिगर ओढायला सोपा असल्याची चर्चा तरी झाली.

बरं, ट्रिगर कितीही जड असला तरी तो सगळं सांभाळत नाही. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी लागली ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. चाप ओढायची गरजच पडली नाही. जुन्या बनावटीत घोडा काडतुसाला टेकून असतो, पडल्यावर दणका बसला की संपलं. नव्या बनावटीत मध्ये अडसर असतो. सरांचं म्हणणं, जुनं असेल तर घोड्याखालचं घर रिकामंच ठेवा. आणि माझ्या मुलाचं काय? लहान मुलं एका बोटाने नाही ओढत, दोन्ही अंगठे लावतात. म्हणजे साडेपाच किलो हे कुलूप नव्हे. कुलूप वेगळं, तिजोरी वेगळी, किल्ली बाबांच्या करगोट्याला. (हे आईचं सजेशन, मी फक्त पोचवतेय.)

शेवटच्या दिवशी सरांनी बाबांना रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप सलग सहा वेळा ओढायला लावला, घोडा न ताणता, भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर ठेवून. तीन वेळा ठीक. चौथ्यांदा नळी खाली गेली. पाचव्यांदा बाबांनी दुसरा हात लावला. सहाव्यांदा बोट अर्ध्यावर थांबलं आणि ते हसले. ते हसणं मला अजून आठवतं. मग हळूच विचारलं, ‘हलका करून मिळतो का हो?’

‘परवाना असलेला कारागीर करून देईल,’ सर म्हणाले, ‘पण काका, मग तो सगळ्यांनाच हलका होतो.’

माझं मत तिथेच पक्कं झालं. घरात ठेवायच्या बंदुकीचा चाप साडेचार-पाच किलोंच्या खाली नको आणि घोडा ताणून ठेवणं तर नकोच. वर्षातल्या सगळ्या रात्री ती नुसती पडून असणार आहे. ट्रिगर त्या रात्रींसाठी निवडायचा. बोटाला तो झेपत नसेल, तर स्प्रिंग बदलायची नाही, बंदूक घ्यायची नाही.

हे बाबांना तोंडावर सांगणं सोपं नव्हतं. बंदुकीला नाही म्हणणं एक वेळ ठीक, पण ‘तुमचं बोट आता...’ असं वडिलांना कोण सांगणार? गाडीत आसनगावच्या फाटकापर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

मग त्यांनीच विषय काढला. अर्ज तीन महिने पुढे. डॉक्टरांना विचारून रोज सकाळी रबरी बॉल दाबायचा आणि परत तीच टेस्ट. सहापैकी सहा आले तर फाइल ठाण्याला, नाहीतर कपाटात. तोवर मागच्या दाराला ग्रिल बसलंय, आवारात दोन दिवे इन्व्हर्टरवर आहेत आणि ११२च्या खाली पोलीस पाटलांचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर आहे. आईने शेजारून एक कुत्र्याचं पिल्लू आणलंय. ते अजून फक्त बाबांवरच भुंकतं.