मोंझाचं पहिलं वळण

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी मुलाला म्हणालो, "दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्या पळवतोस, ड्रायव्हरच होशील." पाहुणे हसले. तो नाही हसला. त्यानंतर दोन महिने "जेवलास का?" आणि "हां अब्बू", यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

एका रात्री ईशाच्या नमाजनंतर त्याच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, मलाही चालवू दे. वीस वर्षं मोटार चालवतोय, त्यात काय एवढं!

गेम असेत्तो कोर्सा, गाडी माझदाची छोटी एमएक्स-5, ट्रॅक इटलीतला मोंझा. एक फेरी 5.793 किलोमीटरची. लांबलचक सरळ रस्ता संपतो तिथे उजवीकडे आणि लगेच डावीकडे असं अरुंद जोडवळण आहे. 100 ची पाटी दिसली की मी ब्रेक दाबायचो आणि सरळ ट्रॅकबाहेर जायचो. दहा फेऱ्यांनंतर त्याच्यापेक्षा नऊ सेकंद मागे. ट्रॅकवर नऊ सेकंद म्हणजे पुढची गाडी दिसतसुद्धा नाही.

तो टोमणा मारेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "अब्बू, आज बस पहला टर्न. बाकी लॅप भूल जाओ."

बीएडला आम्हाला मायक्रोटीचिंग होतं. सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कौशल्य, मग चुका ऐकायच्या आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. हा मुलगा बीएड न करता तेच करत होता. (वर्गात साठ मुलं असली की आम्ही ते कधीच विसरून जातो, ही गोष्ट वेगळी.)

ब्रेक 150 च्या पाटीला, आणि सुरुवातीलाच जोरात. मग स्टिअरिंग जसं वळेल तसा पाय हळूहळू उचलायचा, एकदम नाही. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी ब्रेकने खाल्ली तर वळायला काही उरत नाही. आणि पाय एकदम काढला तर पुढच्या चाकांवर आलेलं वजन मागे जातं, गाडीचं नाक वळेनासं होतं. तेव्हा मी स्टिअरिंग आणखी पिळायचो. तो म्हणायचा, "कम घुमाओ, ज़्यादा मुड़ेगी." पटत नव्हतं. टायर किंचाळणं थांबलं तेव्हा पटलं.

शेवटच्या लांब वळणाला, पाराबोलिकाला, मी घाईने ॲक्सिलरेटर दाबायचो आणि गाडी बाहेर फेकली जायची. तिथे थोडं थांबलं तर पुढच्या सगळ्या सरळ रस्त्यावर वेग जास्त मिळतो. हे एक वळण सुधारायला मला तीन रात्री लागल्या. लेस्मोची दोन वळणं अजून येत नाहीत.

काल फरक अडीच सेकंदांवर आला. मी हेडफोन काढून म्हणालो, "बेटा, उस दिन मेहमानों के सामने मैंने..."

"अब्बू, रिप्ले देखो. दूसरे टर्न में ब्रेक जल्दी छोड़ा."

खरंच लवकर सोडला होता. पुन्हा पाहिलं. मग त्याने माउस बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मुझे डिप्लोमा करना है. ऑटोमोबाईल."

अकरावी सायन्सचा फॉर्म मीच भरून ठेवला होता. माझ्या हाताने, त्याला न विचारता. मी उठलो आणि तो कपाटातून काढून आणला.