आखाड्याचा जमाखर्च

बलोपासनेची थोरवी आपल्याकडे इतक्या जणांनी गायिली आहे की, त्या उपासनेचा खर्च कोण सोसतो हा प्रश्न विचारणे काहीसे ग्राम्य समजले जात असावे. परंतु माझे अवघे आयुष्य आखाड्याच्या आसऱ्याने गेले असल्यामुळे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी माझ्यापुढे येत राहिला, आणि आता उतारवयात त्याचा हिशेब मांडावा असे वाटते.

आमचे चिखला हे तुमसर तहसिलीतील मँगनीजच्या खाणीचे गाव. मी लंगोट कसून मातीत उतरू लागलो तेव्हा खाणीवर सी. पी. मँगनीज ओअर या विलायती कंपनीचा अंमल होता. 1962 साली सरकारचा निम्म्याहून अधिक हिस्सा असलेली ‘मॉईल’ स्थापन झाली आणि 1977 साली विलायती भागही सरकारने घेतला. त्याआधीच, 1951 साली, मालगुजारी संपुष्टात आली होती. ज्या मालगुजारांनी या जिल्ह्यात तलाव बांधले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पदरी पहिलवानही असत. पहिलवानाचा खुराक आणि नागपंचमीच्या दंगलीचे इनाम धन्याच्या तिजोरीतून निघे, म्हणून शिष्याला नारळ आणि गुळाचा खडा एवढ्यावर विद्या मिळे. विद्या फुकट होती असे आपण म्हणतो ते अर्धसत्य होय. तिचे मोल दुसरा कोणी तरी देत होता, आणि तो देणारा गेला तेव्हा गावोगावचे आखाडे ओस पडू लागले.

आमच्या वस्तादांनी मात्र आखाडा मोडू दिला नाही. मातीत घालावयाचे तेल, ताक आणि हळद यांसाठी त्यांनी खाणीतील कामगारांकडे शब्द टाकला, आणि पगाराच्या दिवशी प्रत्येकाने यथाशक्ती काही द्यावे असा शिरस्ता पडला. दिवसभर खाणीत घाम गाळणाऱ्या माणसाला पुन्हा जोर-बैठकांचे काय प्रयोजन, असे बाहेरचे लोक विचारीत. परंतु वस्तादांची नजर अधिक सूक्ष्म होती. एकाच अंगावर भार घेऊन वर्षानुवर्षे घण मारणाऱ्याचा एक खांदा बळावतो, दुसरा दबतो आणि कंबर आखडते. श्रमाने शरीर झिजते व वाकते, व्यायामाने ते सरळ होते, हे जाणून ते एकाला मुद्गल देत, दुसऱ्याला नुसतीच मालीश सांगत, आणि थकून आलेल्या तिसऱ्याला घरी पाठवून देत. कोणाला काय द्यावयाचे आणि कोणाला काय द्यावयाचे नाही, हा विवेक हेच त्यांचे भांडवल होते.

पुढे शिक्षणाच्या निमित्ताने अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहिले आणि विस्तार कशाला म्हणतात ते कळले. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापिलेल्या या संस्थेचे पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले होते. तथापि मला अधिक मोठी वाटली ती तिच्या उन्हाळी वर्गांतून शिक्षक घडवून त्यांना गावोगाव धाडण्याची रीत. इमारतीवर इमारत चढविण्यापूर्वी शिकविणारा मनुष्य तयार करावा, हे धोरण ज्या संस्थेने सांभाळले, तिला लोकवर्गणीची वाण फारशी पडत नाही.

परत येऊन मी तुमसरास व्यायामशाळा काढली आणि उघडपणे मासिक शुल्क ठेवले. विद्या विकतो म्हणून काही वृद्ध रुसले. परंतु भाडे, वीज आणि लोखंडी वजने यांचा खर्च माझ्या एकट्याच्या भक्तीतून भागणारा नव्हता. रोवणीचे दिवस आले की खेड्यांकडची मुले बांधीत गुंतत आणि वसुली निम्म्यावर येई. त्या महिन्यांचा तगादा मी कधी केला नाही, आणि धान विकले गेले की बाकी आपणहून जमा होई. पोलीस भरतीच्या तयारीचे वारे वाहू लागले तेव्हा मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावण्याचा सराव हवा झाला. मुलींसाठी पहाटेची वेळ राखून तिथे शिक्षिका नेमली, तेव्हा पटावरील संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली.

याच काळात शहरांतून ‘जिम’चा व्यवसाय फोफावला. त्यातील अग्रणी नाव तळवलकरांचे. विष्णू तळवलकरांनी 1932 साली मुंबईत घातलेल्या पायावर पुढील पिढ्यांनी देशभर शाखा उभारल्या, 2010 साली कंपनीचे भाग शेअर बाजारात आले, आणि 2019 साली कर्जरोख्यांची देणी थकून तो डोलारा कोसळला. व्यायामासाठी मध्यमवर्गीयाने पैसे मोजावेत ही सवय या देशास लावण्याचे श्रेय त्यांच्याकडून कोणी हिरावू शकणार नाही. परंतु कर्जाच्या बळावर झालेल्या विस्ताराला दम किती असतो, तेही त्या इतिहासात दिसते.

या धंद्यातील खरा मोह मात्र कर्जाहून खोल आहे. वर्षाचे शुल्क एकरकमी भरून महिन्याभरात दिसेनासा होणारा सभासद हा मालकाला सर्वांत किफायतशीर असतो, कारण तो यंत्र झिजवीत नाही, जागा अडवीत नाही आणि शिक्षकाचा वेळ घेत नाही. म्हणून मी वार्षिक रक्कम घेण्याचे टाळले आणि जो चार दिवस दिसला नाही त्याच्या घरी निरोप धाडण्याचा पायंडा पाडला. ज्याची अशी चौकशी होई तो परत येई, आणि येताना बहुधा धाकट्या भावाला घेऊन येई. माझी व्यायामशाळा वाढली ती अशा भावांमुळे, जाहिरातीमुळे नव्हे.

व्यायामाचे मोल घेणे हे पाप नाही. मालगुजाराच्या इनामापेक्षा पावती देऊन घेतलेली वर्गणी मला अधिक स्वच्छ वाटते, कारण तिच्यात शिष्य कोणाचा मिंधा नसतो. परंतु ज्याचा प्रपंच गैरहजर माणसाच्या पैशांवर चालू लागला, त्याचा धंदा कितीही भरभराटीत दिसला तरी तो बुडीत खाती मोजावा. आमच्या जिल्ह्यात नवी व्यायामशाळा काढू पाहणाऱ्या तरुणांनी यंत्रांची यादी करण्यापूर्वी एक हजेरीपट विकत घ्यावा, आणि तो रोज स्वतःच्या हाताने भरावा.