वहीतला चौथा रकाना

माझ्या हातच्या स्वयंपाकाची कुळी सांगायची तर ती आमच्या घरात सुरू होत नाही. ती सुरू होते लालबागच्या एका चाळीत, रॉकेलच्या दोन स्टोव्हांवर, एका खानावळवाल्या बाईंच्या हाताखाली. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. नात्यानं त्या माझ्या कुणीच लागत नव्हत्या. त्यांचं गाव खटावातलं, माझं माणमधलं. शेजारच्या तालुक्याचा पोरगा, एवढ्या ओळखीवर त्यांनी मला पंगतीला बसवलं.

गावाकडे असताना मी चुलीला कधी हात लावला नव्हता. लावू दिलाच नसता कुणी. आमच्याकडे बाप्या माणसानं भाकरी थापली तर घरातली बाई आजारी आहे की वारली, असं गाव विचारायचं. 1972च्या दुष्काळात आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. संध्याकाळी परत आल्यावर वडील ओट्यावर टेकायचे आणि आई तशीच चुलीपुढं बसायची. रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी तिच्या हातात मोडायची, ती पुन्हा थापायची. मी दारात बसून ते बघत असे. आपण उठून तिला पाणी तरी तापवून द्यावं हे मला सुचत नव्हतं आणि तिलाही ते अपेक्षित नव्हतं. स्वयंपाक ही तेव्हा माझ्यासाठी समोर येणारी गोष्ट होती. ताट येतं, आपण जेवतो.

मॅट्रिक होऊन मुंबईला आलो आणि एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. बदली म्हणजे पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि आत कुणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी जायचं. नसेल तर परत खोलीवर. आमच्या गाळ्यात एक पाळी कामावर असताना दुसरी झोपलेली असायची, त्यामुळे परत येऊनही पाठ टेकायला जागा नसे. अशा रिकाम्या दिवशी मी मावशींच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढं लसणाच्या पाकळ्यांचं सूप सरकवलं ते बोलता बोलता. नंतर वही दिली.

त्या वहीबद्दल नीट सांगायला हवं. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. खानावळीचा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा आणि भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघांत. गिरणगावातल्या सगळ्याच खानावळी उधारीवर चालत. कामगार महिनाभर जेवणार, पैसे पगार झाल्यावर देणार. तोवर बाई वाण्याकडून धान्य उधार आणणार आणि अडल्यावर सावकाराच्या दारात जाणार. घरातलं किडूकमिडूक मोडून कितीजणींनी पातेली विकत घेतली होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी. एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज घ्यायचं, अशी ती रीत. मावशींनीही पुढं एका गटात नाव घातलं. बँकेला हिशेब दाखवायचा म्हणून वही आली, आणि लिहिणारा म्हणून मी.

मी रकाने आखले: नाव, गाव, पाळी. पुढची पानं पैशांची. मावशी म्हणाल्या, "आजून एक रेघ मार. कुनाला काय सोसत न्हाई त्ये लिव."

तो चौथा रकाना भरायला आम्हांला बरेच दिवस लागले. मावशी भाकरी थापता थापता सांगायच्या, मी लिहायचो. कार्डिंगमधला अमुक, रात्री खोकतो, त्याला ताक सकाळीच. साचेखात्यातला तमुक, पोटात आग पडते, त्याच्या वाटीत वरची तर्री नको. रातपाळीवाल्यांना जाताना जड कालवण नको, पहाटे डोळा लागतो आणि मशीन कुणाची वाट बघत नाही. एकाला वांगं उठायचं, अंगावर गांधी यायच्या. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं श्वास घेतलेल्या माणसांच्या छात्या कशा झाल्यात, हे डॉक्टरांच्या कागदांवर किती उमटलं असेल कोण जाणे. आमच्या वहीत मात्र ते आमटी-भाकरीच्या भाषेत लिहिलेलं होतं.

भाकरी मला त्यांनीच शिकवली. रेशनची ज्वारी जुनी, त्यामुळे पिठाची विरी गेलेली असायची. असं पीठ गार पाण्यात मळलं की भाकरीच्या कडा चिरतात. मग आधणाचं पाणी घालायचं, आधी उलथण्यानं आणि मग सोसवेल तसं हातानं मळायचं, एकेका भाकरीपुरतंच. काठवटीत तळहाताच्या कडेनं पीठ रगडताना माझी बोटं भाजायची. त्या बघायच्या, पण हातातलं काढून घ्यायच्या नाहीत. मीठ घालायची वेळ आली की मी विचारायचो, किती? त्यांचं उत्तर ठरलेलं. "आदी मानूस बघ." घामानं निथळून आलेल्या पाळीला वेगळं मीठ आणि नुकत्या झोपेतून उठलेल्या पाळीला वेगळं.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सुरुवातीला पंगती भरलेल्याच होत्या, उलट जेवणारे आता फुरसतीनं बसत. मग एकेक जण गावाला निघाला. वहीतली नावं तशीच राहिली आणि पैशांची पानं कोरी पडू लागली. वाण्यानं हात आखडता घेतला. बँकेचा हप्ता होताच. मी गावाला जाऊ शकत नव्हतो, तिथंही खाणारी तोंडं जास्त झाली होती. मावशींनी मला जा म्हटलं नाही. दुपारी पिठलं-भाकरी, रात्री हुलग्याचं माडगं. ज्या दिवशी तेही नसे त्या दिवशी भाकरीवर कांदा-लसणाची चटणी, तेलावाचून. माझ्या नावापुढं आकडा मीच टाकायचो, कारण वही माझ्याकडे होती. कमी टाकला असता तर त्यांना कळलंही नसतं. पण ज्या हातानं इतरांची बाकी लिहिली त्या हातानं स्वतःची खोडवेना.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माणसं पांगली. मला एका सरकारी कचेरीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं, तेही मावशींनी शिकवलेल्या हातांच्या जोरावर. पहिल्या काही पगारांतून बाकी साठवून मी लालबागला गेलो. मला वाटलं होतं, त्या नको म्हणतील. त्यांनी नोटा घेतल्या, दोनदा मोजून घेतल्या आणि मला वहीवर रेघ मारायला लावली. तेव्हा त्यांनी पैसे घेतले याचं मला आजही समाधान आहे. त्यांच्या डोक्यावर कर्ज होतं आणि माझ्या जेवणाचा दाम होता. तो चुकता झाला. जे चुकतं होण्यासारखं नव्हतं त्याचा विषय दोघांनीही काढला नाही. मला त्यांनी चहा दिला, आणि कॅन्टीनमधली डाळ कुठली आहे ते विचारलं.

कॅन्टीनची वर्षं लवकर सांगून होतात. तिथं मी किलोत विचार करायला शिकलो. उपमा किती, बटाटे किती, तेलाचा डबा किती दिवस पुरवायचा. खिडकीतून बश्या बाहेर जायच्या आणि खरकट्या होऊन मोरीत यायच्या. मधे जेवणारा माणूस मला दिसत नसे. काम चोख केलं, पण त्या काळात स्वयंपाकावरचं माझं मन उडालं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचो नाही. लग्न झालं होतं, ही करायची, मी जेवायचो. म्हणजे फिरून वडिलांच्याच ओट्यावर जाऊन बसलो होतो. सणावाराला कुणी म्हणालं, "अहो, तुम्ही आचारी ना?" तर मला राग यायचा.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी हिची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिथून आल्यावर हिच्यात उभं राहायचं बळ नसे, तेव्हा मी पुन्हा ओट्याशी उभा राहिलो. आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. तो वाचताना माझ्या ध्यानात आलं की आजवर मला येत होतं त्यातलं बहुतेक सगळं आता बाजूला ठेवायचं आहे. लोणचं, पापड बंद. मीठ मोजून. नारळपाणी बंद. पालक, शेवगा, टोमॅटो, चिंच, बटाटा जपून, कारण त्यांतलं पोटॅशियम हिच्या रक्तात साठून राहतं आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून टाकायचं. आयुष्यभर ज्या पाण्याची आमटी केली ते पाणी मोरीत. दिवसभराच्या पाण्याला माप होतं आणि आमटीची वाटीही त्या मापात धरायची. आमच्या भागातल्या माणसाला आमटी मापून वाढायची म्हणजे काय, ते तिकडच्यांनाच कळेल.

इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून एका शेजाऱ्यानं प्रेमानं आणून दिलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं मीठ घरात आणू नका.

सुरुवातीला ही दोन घास खाऊन ताट सारायची. बोलायची नाही. मला कॅन्टीनचा हात आठवत होता, तो इथं काही कामाचा नव्हता. मग एका रविवारी मी नातवाच्या जुन्या वहीत रकाने आखले. डायलिसिसच्या आदल्या दिवशी काय खाल्लं, नंतरच्या दिवशी काय, मळमळ कशानं झाली, ताटात काय उरलं. हळूहळू हिच्या जिभेचं वेळापत्रक मला वाचता यायला लागलं. सुईच्या दिवशी हिला वासच सोसत नाही, तेव्हा फोडणी ही झोपली असताना आणि दार लावून. दुसऱ्या दिवशी भूक असते, त्या दिवशी अंड्याचा पांढरा बलक मिरी लावून. मिठाची उणीव भाजलेलं जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची यांनी थोडी भरून निघते. आमटी गेली, पण कोरडी भाजी राहिली. उकडून पाणी काढलेल्या घेवड्याला चटणी लावून तव्यावर नीट परतलं तर ते घशाखाली उतरतं. एकदा जेवण झाल्यावर ही म्हणाली, "अहो, आज जेवल्यासारखं वाटलं."

त्या वाक्याचं श्रेय माझं नव्हतं, मावशींचं होतं. पण त्यांना कळवायची सोय राहिली नव्हती. खानावळ मोडल्यावर त्या घरी पोळ्या करून कचेऱ्यांना पुरवायच्या, मग हात चालेनासे झाले तेव्हा खटावला गेल्या आणि तिथंच वारल्या. मला उशिरा समजलं. त्यांच्या सुनेनं नंतर मला बोलावून ती वही दिली, कारण अक्षर माझं होतं.

वही माझ्यापाशी आहे. पानं पिवळी पडलीत, काही ठिकाणी तेलाच्या डागांनी अक्षर पुसलंय. पैशांची पानं कुणाला काय सांगतील माहीत नाही. पण नाव, गाव, पाळी आणि चौथा रकाना वाचला की गिरणगाव कुणाच्या छातीवर, कुणाच्या पोटावर चाललं होतं ते दिसतं. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मालकांच्या आणि युनियनच्या कागदांवरून पुष्कळ लिहिला गेला. या बायकांच्या वह्यांवरून तो अजून लिहायचा राहिला आहे. लालबाग, परळ, वरळी, डिलाइल रोडवरून ज्यांची घरं उठून बदलापूर-विरारकडे किंवा परत गावाला गेली, त्यांच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी आजीची, आत्याची अशी वही पडलेली असेल. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. आधी उघडून वाचा, आणि ती कुणाची होती ते पहिल्या पानावर लिहून ठेवा.